बाहीतले हात

हात बाहीत कधी गेले ते तिरिदातला कळलंच नाही. कळलं ते समोरच्या पोराचं हसू अर्ध्यावर थांबलं तेव्हा.

पोरगं म्हणजे राजाचा धाकटा मुलगा, मिथ्रक. वय वीस, मिसरूड फुटून चार वर्षं झालेली, पण ज्याने त्याला पाचव्या वर्षी पहिल्यांदा घोड्यावर बसवलं त्या म्हाताऱ्याच्या लेखी तो पोरगाच होता. पागेमागच्या अंगणात पडलेल्या बर्फाचा टापांनी चिखल झाला होता आणि मिथ्रक एका करड्या घोडीला लगाम चढवायच्या खटपटीत होता. घोडी दाद देत नव्हती. तिरिदात बाजूला उभा राहून चुका काढत होता.

"कान धरू नकोस तिचा. तुझा कान कोणी धरलेला तुला चालेल?"

"तू तर रोज धरायचास, आजा."

"म्हणूनच विचारतोय."

मिथ्रक हसत वळला आणि तसाच थांबला. त्याची नजर म्हाताऱ्याच्या अंगरख्यावर होती. दोन्ही बाह्या पुढे लोंबत होत्या, हात आत ओढलेले, बाहीची तोंडं मिटलेली.

आमच्याकडचा अंगरखा असा असतो की बाह्या हातापेक्षा वीतभर लांब. एरवी आम्ही त्या मनगटावर दुमडतो, नाहीतर अंगरखा नुसता खांद्यावर टाकतो. हात आत ओढून घ्यायचे ते एकाच माणसासमोर, राजासमोर. या हातांत शस्त्र नाही, हे हात आता तुझे, असा त्याचा अर्थ. राजाच्या मुलासमोर नाही, भावासमोर नाही, खुद्द राजमातेसमोरही नाही. पोर पाच वर्षांचं होऊन बायकांच्या महालातून बाहेर आलं, की घोड्याच्या आधी त्याला हे शिकवतात. दोन्ही राजपुत्रांना हे तिरिदातनेच शिकवलं होतं.

"आजा," मिथ्रक हळूच म्हणाला, "हात."

तिरिदातने चटका बसल्यासारखे हात बाहेर काढले. "थंडी रे. बोटं मेली माझी."

"मग तिकडे शेगडीपाशी जा की! इथे उभा राहून माझं डोकं कशाला खातोस?" मिथ्रकने आवाज मुद्दाम मोठा केला, हसराही केला, पण डोळे जिन्याकडे गेले.

जिन्याच्या वरच्या पायरीवर दातवह उभा होता. दातवह म्हणजे राजाचा कान. आमच्याकडे त्या कामाला असंच म्हणतात, राज्यभर असे कान पेरलेले असतात, ऐकायचं आणि पोचवायचं एवढंच त्यांचं काम. हा कान डोळ्यांनीही बघायचा. त्याने मान अदबीने किंचित लववली आणि काही न बोलता निघून गेला. तो काही बोलला असता तर तिरिदातला बरं वाटलं असतं.

घरी जाताना त्याचे पाय भराभर पडत होते आणि हात ठेवायचे कुठे ते सुचत नव्हतं. पाठीमागे बांधले, मग सोडले, मग काखेत दाबले. सगळा दोष त्या थंडीचा. दरवर्षी पानगळीआधी दरबार एकबताना सोडून खाली सुसाला उतरायचा, तिथे हिवाळ्यात माणूस उघड्या अंगाने हिंडू शकतो. या वर्षी राजा आजारी पडला, वैद्यांनी हलवू नका म्हणून सांगितलं, आणि सगळा दरबार, बायकापोरं, घोडे, उंट, आचारी, या डोंगराच्या पायथ्याशी गोठत बसले. वाळकी तुती खायची आणि कुरकुर करायची, दुसरा उद्योग नव्हता. अशा दिवसांत म्हाताऱ्याने हात बाहीत घेतले तर त्यात काय मोठं?

मोठं असं होतं की त्याच सकाळी, घटकाभर आधी, तो थोरल्या राजपुत्रासमोरही उभा होता. अरियामन वाड्याच्या दारात भेटला होता. वारा तिथे अंगणापेक्षाही बोचरा. तिरिदातने वडलांची तब्येत विचारली, अरियामन "तशीच" म्हणाला. तेव्हा तिरिदातचे हात बाहेर होते. निळे पडले होते, पण बाहेर होते. थंडी तीच आणि हातही तेच.

दुपारी शहरातल्या देवळांवरचा धूर थांबला. एकामागून एक सगळी पवित्र अग्निकुंडं विझवली गेली, आणि ते एकाच कारणासाठी करतात. तिरिदातची बायको वर्दा दारात उभी राहून आभाळाकडे बघत होती. ती आत आली आणि म्हणाली, "गेला राजा."

"कधी?"

"मला काय विचारता? तुम्ही दिवसभर त्या वाड्यात असता." मग तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला. "काय केलंत?"

त्याने सांगितलं. वर्दा खाली बसली.

"चाळीस वर्षं सांगतेय, हातमोजे घाला. लोकरीचे विणून दिले, ते कुठे आहेत?"

"घोड्याच्या खोगिराखाली."

"घोड्याला घातले!"

"त्याची पाठ सोलली होती गं."

वर्दाने कपाळाला हात लावला, आणि मग दोघंही हसले, कारण दुसरं काय करणार?

संध्याकाळपर्यंत कळायचं ते सगळं कळलं. राजा पहाटेच गेला होता. वैद्य आणि घरची चार माणसं सोडून कोणालाच सांगितलं नव्हतं. वेशी बंद होईपर्यंत, पहारे बसेपर्यंत बातमी दाबून ठेवली होती. म्हणजे अंगणात तिरिदातने हात आत घेतले तेव्हा सिंहासन रिकामं होतं, आणि हे ज्याला ठाऊक नसायला हवं अशा माणसाने धाकट्याला राजाचा मान दिला होता. मिथ्रकला त्याच्याच दालनात पहाऱ्यात ठेवलं.

गेल्या मोहिमेवर निघताना राजाने आपल्यामागे गादीवर अरियामन म्हणून जाहीर केलं होतं, तेव्हा वारस कोण यात शंका नव्हती. शंका लोकांच्या तोंडात होती. अरियामन जन्मला तेव्हा बाप साधा सुभेदार होता. मिथ्रक जन्मला तेव्हा बाप गादीवर बसलेला होता, आणि मिथ्रकची आई आधीच्या राजाची मुलगी. राजाच्या पोटचा राजा हा की तो, हे दोन पेले पोटात गेल्यावर आमच्याकडचा कोणीही छातीठोक सांगायचा. अरियामनने हे लहानपणापासून ऐकलं होतं. त्याने ते कधी विसरल्यासारखं दाखवलं नाही.

तीन दिवस तिरिदातला बसवेना. घोड्यांना सकाळी खरारा केला, दुपारी पुन्हा केला, संध्याकाळी एका घोड्याने त्याला लाथ झाडली. वर्दाने सातूची भाकरी पुढे ठेवली की तो ती हातात घेऊन दारापर्यंत जायचा, बाहेर बघायचा, परत यायचा. स्वतःच्या जिवाची त्याला फार फिकीर नव्हती, सत्तरी उलटली होती. त्याच्या डोळ्यांपुढून मिथ्रकचा चेहरा जात नव्हता. कोणी पोरगं मारायचं ठरवलं तर त्याला कारण पुरवलं होतं ते त्याच्या या दोन सुजलेल्या, संधिवाताने वाकड्या झालेल्या हातांनी.

आणि त्यात भर म्हणजे तो खोटं बोलू शकत नव्हता, स्वतःशी तर नाहीच. आमच्यात पोरांना तीन गोष्टी शिकवतात: घोडा, धनुष्य आणि खरं बोलणं. तिरिदातचा सगळा जन्म त्यात गेला होता. तेव्हा तो स्वतःला विचारायचा, अगदी एखाद्या पोराला दटावून विचारावं तसं: थंडीच होती का? आणि उत्तर यायचं ते असं. त्या सकाळी घोडी मागे सरत होती, मिथ्रक तिच्याशी भांडता भांडता हसत होता, ऊन त्याच्या डोक्यावर पडलं होतं, आणि म्हाताऱ्याच्या मनात आलं होतं की हा राजा झाला असता तर काय बहार आली असती. एवढंच. पापणी लवायच्या आत आलं आणि गेलं. पण हातांनी ते ऐकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दातवह घरी आला. येताना अंजिरांची टोपली घेऊन आला, वर्दाला "काकू" म्हणाला आणि न सांगता शेगडीजवळची जागा घेऊन बसला.

"काका, तुमचं वय झालंय," तो म्हणाला. "तुम्हाला कोणी दोष देत नाही. मिथ्रकने तुम्हाला बातमी सांगितली, हात आत घ्यायला सांगितलं, तुम्ही घेतले. उद्या दरबारात एवढंच बोलायचं. अरियामन महाराजांकडून पिस्त्याची बाग मिळेल, आणि उरलेले दिवस सुखाने जातील."

"आणि पोराचं?"

"ते कोणाच्याच हातात नाही आता."

"हात शब्द काढू नका हो माझ्या घरात," वर्दा म्हणाली.

दातवह हसला. "आणि बोलला नाहीत, काका, तर नुसती थंडी होती म्हणाल. कोण विश्वास ठेवेल? त्याच सकाळी तुम्ही महाराजांसमोर हात बाहेर ठेवून उभे होतात. महाराजांनी ते पाहिलं होतं. तेच मला म्हणाले." तो उठला. "अंजीर खा. गोड आहेत."

तो गेल्यावर वर्दाने टोपली उचलली आणि बकऱ्यांपुढे रिकामी केली. तिरिदात मात्र तिथेच उभा होता. अरियामनला आठवत होतं. वडील आत मेलेले असताना, कोणालाही सांगायचं नाही अशी ती पहाट उरावर घेऊन दारात उभा असताना, त्या माणसाने म्हाताऱ्याचे निळे हात बघून ठेवले होते. तिरिदातला भीती वाटली, आणि भीतीच्या मागोमाग, न बोलावता, अरियामनची कीवही आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दरबारात नेलं. सुरूच्या लाकडाचे खांब, त्यांना मढवलेला चांदीचा पत्रा, आणि खांबाखांबाशी उभे सरदार. सगळ्यांचे हात बाहीत. तिरिदातनेही दारातच घेतले, आता ते घ्यायलाच हवे होते. अरियामन बापाच्या आसनावर बसला होता. पासारगादला, जुन्या राजधानीत जाऊन राजवस्त्र अंगावर चढायचं होतं अजून, पण राजा तोच होता. त्याचे डोळे तांबारलेले होते. डावीकडे दोन भालेकऱ्यांच्या मध्ये मिथ्रक उभा होता, त्याचेही हात आत, अगदी नियमाप्रमाणे. तिरिदातला बघून त्याने डोळ्यांनी खूण केली, घाबरू नकोस म्हणून. त्याच क्षणी तिरिदातने ठरवलं की काहीही करीन पण हे पोरगं इथून जिवंत बाहेर जाईल.

"तिरिदात," राजा म्हणाला, "माझे वडील गेले त्या सकाळी तू माझ्या भावासमोर हात बाहीत घेतलेस. खरं?"

"खरं, महाराज."

"का?"

"थंडी होती."

दरबारात कोणीतरी नाकातून हसलं. अरियामनने बोट उचललं आणि हसणं थांबलं.

"थंडी मलाही होती. तू दारात माझ्यापुढे उभा होतास तेव्हा तुझ्या मिशीला बर्फ चिकटलं होतं. हात बाहेर होते." तो पुढे वाकला. "तू आम्हाला तीन गोष्टी शिकवल्यास. घोडा मला याच्यासारखा जमला नाही, धनुष्यही नाही. हे तू चार लोकांत सांगायचास, मला विसर पडलेला नाही. तिसरी जमली. म्हणून मला खरं काय ते सांग. त्याच्यापुढे हात आत गेले, मग माझ्यापुढे का नाही गेले?"

शेवटचं वाक्य राजाने हळू म्हटलं, आणि ते राजाचं नव्हतंच. दहा वर्षांचा एक पोरगा होता, शर्यतीत मागे राहिलेला, घोड्यावरून उतरून, धुळीने भरलेला, विचारायचा की मी का नाही. तिरिदातला तो पोरगा लख्ख दिसला. त्याने कधी त्या पोराचा कान धरला नव्हता. कधी मस्करी केली नव्हती. त्याच्यापुढे तो नेहमी नीट वागला होता, आणि पोराला तेच बोचत होतं.

आणि तिथून त्याला वाट सापडली.

"महाराज, खरं सांगतो. खरं जरा वाईट आहे, पण आपण विचारलंत." "आपल्यासमोर आलो तेव्हा माझी बोटं गळून पडायच्या बेतात होती. हात आत घ्यावेत असं फार वाटलं. पण मी स्वतःला म्हटलं, गाढवा, हा उद्याचा राजा. वडील आत अंथरुणावर असताना याच्यापुढे हात आत घेतलेस तर त्यांचा अपमान होईल, आणि हा ते विसरणार नाही. म्हणून दात आवळून बाहेर ठेवले. मी मनातून ज्याला राजा मानतो ना, महाराज, त्याच्यापुढे वेळ येईपर्यंत माझे हात गोठले तरी बाहेर राहतात. मी ते सांभाळतो."

तिरिदात मिथ्रककडे न बघता पुढे बोलत राहिला.

"मग पागेत गेलो. तिथे कोण? तर मिथ्रक. त्याच्यापुढे काय सांभाळायचं? त्याला घोडीला लगाम चढवता येत नव्हता. त्याच्यापुढे हात आत घेतले काय, बाहेर ठेवले काय, नि घोडीपुढे घेतले काय. हा राजा होईल, याला कोणी राजा समजेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पंधरा वर्षांत एकदाही आलं नाही. आलं असतं तर जपलो नसतो का?"

आधी मागचा कोणीतरी हसला. मग शेजारचा. मग पोट धरून सगळे, आणि दातवहसुद्धा, कारण राजाच्या ओठाचा कोपरा हलला होता. कारस्थान करायला निघालेला राजपुत्र तिथे उरलाच नाही. उरलं एक पोरगं, ज्याला त्याचा म्हातारा मास्तर घोडीपेक्षा जास्त किंमत देत नव्हता. अशा पोराला मारून कोण स्वतःचं हसं करून घेईल?

मिथ्रक हसत नव्हता. तिरिदातने एकदाच तिकडे पाहिलं. पोराच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, आणि डोळ्यांतली ती घाबरू नकोस म्हणणारी खूण कुठल्या कुठे गेली होती. त्याने सगळं खरं मानलं होतं. का मानू नये? खोटं बोलायचं नाही हे याच माणसाने त्याला शिकवलं होतं. तिरिदातचं काळीज तुटलं, आणि तो तसाच हात बाहीत घेऊन उभा राहिला.

"म्हाताऱ्याची बोटं गारठली म्हणून मी भाऊ मारायचा नाही," अरियामन म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती, ती लपली नाही. "मिथ्रक बाख्त्रीचा सुभा सांभाळेल. माझे दोनशे स्वार बरोबर जातील आणि तिथेच राहतील. बोलावल्याशिवाय परत यायचं नाही." मग तो तिरिदातकडे वळला. "तू मात्र इथेच राहायचंस. माझा मुलगा वसंतात पाच वर्षांचा होतोय. त्याला घोडा शिकव, धनुष्य शिकव, आणि खरं बोलायला शिकव." क्षणभर थांबून, दरबाराला ऐकू येणार नाही इतक्या हळू तो म्हणाला, "आजा."

इतक्या वर्षांत अरियामनने त्याला हा शब्द पहिल्यांदाच म्हटला होता. तिरिदातला तोंड वर करवलं नाही.

त्या दिवशी देवळांतले अग्नी नव्याने पेटले. शहरभर धूर दिसायला लागला आणि लोक एकमेकांना मिठ्या मारत सुटले, मेवा वाटला गेला. घरी वर्दाने सगळं ऐकून घेतलं.

"पोरगं वाचलं ना? मग तोंड का असं?"

"त्याला वाटतंय की मी त्याला कधीच..." तिरिदातने वाक्य सोडून दिलं. "मी जाऊन सांगू?"

"जा की. दारावर दातवहची माणसं आहेत, त्यांनाही सांगा म्हणजे सगळ्यांचं एकदमच होईल." मग तिचा आवाज उतरला. "नाही हो सांगता यायचं. जन्मात नाही."

तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. पुन्हा गेला. वर्दाने त्याला अडवलं नाही.

चार दिवसांनी बाख्त्रीकडे जाणारी फौज पूर्वेच्या वेशीतून निघाली. कडक ऊन होतं आणि त्याहून कडक थंडी, पायाखालचं बर्फ करकरत होतं. तिरिदात आणि वर्दा वेशीबाहेर रस्त्याच्या कडेला उभे होते. लोक दुतर्फा होते पण कोणी ओरडत नव्हतं. कुठल्या नावाने ओरडावं ते कळत नव्हतं. मिथ्रक करड्या घोडीवर बसून आला. घोडीने लगाम निमूट घेतला होता. बाजूला, हातभर अंतरावर, दातवहचा घोडा. बाख्त्रीपर्यंत तो सोबत जाणार होता.

मिथ्रकने म्हाताऱ्याला बघून आधी मान फिरवली. मग दहा पावलं पुढे गेल्यावर लगाम ओढला आणि घोडी मागे आणली. दातवहही मागोमाग आला.

"एक विचारायचं होतं."

"विचार."

"दरबारात बोललास ते," मिथ्रक म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरला. "ते खरं होतं? पंधरा वर्षांत एकदाही नाही?"

दातवह घोड्याच्या मानेवरचं बर्फ झटकत होता, म्हणजे ऐकत होता. तिरिदातच्या जिभेवर सगळं येऊन थांबलं. त्या सकाळी तू हसत होतास. ऊन तुझ्या डोक्यावर होतं. माझ्या हातांना माझ्याआधी कळलं. यातला एक शब्द बोलला असता तर पोरगं पुढच्या पडावापर्यंतही पोचलं नसतं. आणि हात आत ओढून घ्यावेत, न बोलता सांगून मोकळं व्हावं, अशी अनिवार इच्छा त्याला झाली. बोटं आपोआप आखडायला लागली.

त्याने त्यांना आवरलं. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत मागे सारल्या आणि हात पुढे धरले, उघडे. वारा त्यांच्यावरून सुरीसारखा जात होता. बोटं आधी लाल झाली, मग निळी. तो नुसता हात धरून उभा राहिला आणि मिथ्रककडे बघत राहिला.

मिथ्रकला आधी काही समजलं नाही. तो वैतागून म्हणाला, "आजा, हात गोठतायत तुझे. घे आत."

"नाही."

"अरे, इथे कोण तुला..."

"राहू दे," तिरिदात म्हणाला. "गोठले तरी बाहेरच राहू दे. मी ते सांभाळतो."

मिथ्रकचा हात लगामावर थांबला. त्याने हातांकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याच्या तोंडाकडे, मग पुन्हा हातांकडे. हेच शब्द त्याने दरबारात ऐकले होते, खांबांमध्ये उभं राहून, आणि कोणाबद्दल बोलले होते तेही ऐकलं होतं. मनातून ज्याला राजा मानतो त्याच्यापुढे. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, आणि मग पागेमागच्या अंगणात जे हसू अर्ध्यावर थांबलं होतं ते हळूहळू पुरं झालं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. थंडीत सगळ्यांच्याच डोळ्यांतून वाहत होतं, त्यामुळे ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

"चला, उशीर होतोय," दातवह म्हणाला. म्हाताऱ्याचे हात बाहेर होते, नियमाप्रमाणे होते, त्यात पोचवण्यासारखं काही नव्हतं.

"कान धरू नकोस तिचा," तिरिदात म्हणाला.

"नाही धरणार," मिथ्रक म्हणाला आणि घोडी वळवली.

शेवटचा स्वार टेकाडामागे दिसेनासा झाला, बघे घरी परतले, तरी तिरिदात तसाच हात पुढे धरून उभा होता. वर्दाने दोनदा हाक मारली. शेवटी तिने स्वतः त्याचे हात धरले, तोंडाजवळ नेऊन फुंकर घातली, चोळले, आणि चोळता चोळता त्याला शिव्या घालत घराकडे घेऊन गेली. बोटांत जीव यायला संध्याकाळ झाली.